मागच्या भिंतीजवळची तार

हिंडलग्याच्या मालुबाईनं थापी हातात धरली ती वयाच्या अडतिसाव्या वर्षी. त्याआधी वीस वर्षं तिच्या डोक्यावर सिमेंट-वाळूच्या मालाची पाटी होती. गवंडीकामात बाईनं वाळू चाळायची, पाटी वाहायची, भिंतीला पाणी मारायचं. थापी आणि गिलावा घोटायचा रंधा पुरुषाच्या हातचा. हा कायदा कुणी लिहून ठेवलेला नाही, पण बेळगावच्या एकाही इमारतीवर तो मोडलेला तिनं पाहिला नव्हता.

ती मूळची निपाणीची. आई नागुबाई तंबाखूच्या वखारीत जायची आणि घरी आली की दाराबाहेर उभी राहून आधी लुगडं झटकायची. तरी वास जायचा नाही. खोकला तर तिच्याबरोबरच घरात यायचा. मालूनं लहानपणीच ठरवलं होतं, काही झालं तरी धुळीत काम करायचं नाही. मग हिंडलग्याच्या आण्णाप्पाशी लग्न झालं. तो गिलाव्याचा मेस्त्री, हात सफाईदार, स्वभाव अबोल. चार महिन्यांत तीही त्याच्या मागून पाटी घेऊन चालू लागली. तंबाखूची धूळ चुकवली, ती सिमेंटच्या धुळीत येऊन पडली.

दहा वर्षांपूर्वी शहरातल्या एका बंगल्यात आण्णाप्पा छताचा गिलावा करत होता. मान वर, तोंड वर, आणि थापीनं मारलेल्या मालातला एक गोळा सुटून थेट डाव्या डोळ्यात पडला. तो ओरडला नाही, नुसता खाली बसला. मालुबाई धावली आणि तिनं पदरानं डोळा पुसला. हातपाय धुवायच्या पिंपात पाणी होतं, पण त्यात सकाळपासून थाप्या बुचकळलेल्या, पाणी सिमेंटनं पांढरं झालेलं. कुणी म्हणालं दूध घाला, कुणी म्हणालं तूप. तूप मिळालं, ते घातलं. रिक्षा मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत तास गेला.

डॉक्टरांनी डोळा उघडून पाहिला आणि विचारलं, "लगेच पाण्यानं धुतला होता का?"

"तूप घातलं," कुणीतरी म्हणालं.

"साधं स्वच्छ पाणी. तिथल्या तिथं वीस मिनिटं धार धरली असती, तर बराचसा वाचला असता."

डोळा गेला. तो गोळा मालातला होता, कुणाची चूक नव्हती, असं आण्णाप्पा आजही म्हणतो. पण पदरानं पुसलं होतं ते मालुबाईनं, आणि पुसताना सिमेंट आणखी आत चोळलं गेलं हे तिला ठाऊक आहे. ते ती कुणाला सांगत नाही.

एका डोळ्यानं उंचीवर अंदाज येईना. दोनदा बांबूच्या परांचीवरच्या फळीवर पाऊल चुकलं, तिसऱ्यांदा मुकादमानं त्याला खालूनच परत पाठवलं. मग तो एका शाळेत पहारेकरी झाला, आणि रोज संध्याकाळी घराच्या मागच्या भिंतीपाशी बायकोला उभं करून शिकवू लागला. माल मारायचा, पट्टीनं सारखा करायचा, रंधा फिरवायचा, आणि सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. पाच महिने ती भिंत रोज ओली असायची. शेजारीपाजारी हसायचे. सहाव्या महिन्यात भिंतीवर ओळंबा सोडून आण्णाप्पानं तो दोन वेळा पाहिला आणि म्हणाला, "आता खरवडू नगं."

पुढं मालुबाईची स्वतःची टोळी झाली. तिची शिस्त कडक. कामावर स्वच्छ पाण्याचा पांढरा कॅन वेगळा असायचा. त्यातलं पाणी कुणी प्यायचंसुद्धा नाही. हातमोज्याशिवाय मालात हात घालायचा नाही. पाटी वाहणाऱ्या जयाबाईच्या पायांची कातडी ओल्या सिमेंटनं एकदा भाजल्यासारखी सोलून निघाली, तेव्हापासून सगळ्यांना गमबूट. परांचीची प्रत्येक गाठ सकाळी ती स्वतः ओढून बघायची. टोळीतला भरमू हसायचा. भरमू तिशीतला, हाताला चलाख, तोंडाला त्याहून चलाख. "आक्का, तुमी गवंडी न्हाय, तुमी डाक्टरीण हाय," असं म्हणायचा. पण काम तिच्याकडंच करायचा.

हे सगळं सांगायचं कारण, गेल्या फेब्रुवारीत सांबऱ्याकडच्या इमारतीवर जे घडलं ते.

चार मजली इमारत. पुढची आणि बाजूची भिंत झाली होती. मागच्या भिंतीचा तिसऱ्या मजल्याजवळचा पट्टा तेवढा कोरा राहिला होता, आणि तो मालुबाईनंच राखून ठेवला होता. मागच्या बोळातून हाय टेन्शनची लाईन जात होती. मालकानं गॅलरी नकाशापेक्षा पुढं काढलेली, त्यामुळं बांबूची परांची बांधल्यावर तिच्या बाहेरच्या बांबूपासून तार जेमतेम चार हात उरली. गिलावा सारखा करायची पट्टी अॅल्युमिनियमची, दहा फूट लांब. माणूस ती हातात घेऊन नुसता वळला तरी तिचं टोक तारेला लागेल. किंबहुना लागायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी पुरे. ती दोन दिवस सांगत होती, लाईन बंद केल्याशिवाय आमी तिथं हात लावणार न्हाय.

तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा सुपरवायझर स्वरूप सकाळीच आला. नुकताच डिप्लोमा झालेला, पायात पांढरे बूट, कानाला सतत फोन.

"आक्का, शटडाऊन घेतलाय. दहा ते एक. तीन तासांत पट्टा उरका, उद्या रंगवाले येतायत."

"लाईनमन येणार हाय न्हवं?"

"त्याची काय गरज? ऑफिसात अर्ज दिलाय, फोनवर हो म्हणाले. दहाला लाईट जाईल, ती गेली की चढायचं."

बरोबर दहाला लाईट गेली. वाळू चाळायची मोटर थांबली, खालच्या मजल्यावर फरशी कापणारं यंत्र घरघर करत बंद पडलं. स्वरूपनं हात पसरले. "बघा! झालं समाधान?"

मालुबाई हलली नाही. तिला काहीतरी खुपत होतं आणि काय ते कळत नव्हतं. इमारत शांत झाली होती, तरी आवाज येतच होता. धडधड, धडधड. मग तिच्या ध्यानात आलं. बोळापलीकडची पिठाची गिरणी चालू होती.

"सायेब, ती गिरणी कशी चालतीया?"

"इंजिनवर चालत असेल. नाहीतर तिची लाईन दुसरी असेल. आक्का, उगाच फाटे फोडू नका."

"आमच्या मीटरला लाईट पुढच्या रस्त्याच्या खांबावरनं येती. मागची तार कुठनं येती ते तुमाला म्हाईत हाय?"

स्वरूपनं हातातलं घड्याळ बघितलं. मालुबाईनं जयाबाईला गिरणीत पिटाळलं. "इचारून ये, इंजिन हाय का लाईट. पळ." आणि स्वरूपला म्हणाली, "लाईनमनला फोन लावा. त्यो येऊन साखळी टाकून तार जमिनीला जोडंल, मग आमी चढतो."

"तुमच्यापेक्षा तुमच्या टोळीला जास्त हिंमत आहे," स्वरूप वैतागून म्हणाला आणि मोठ्यानं हाक मारली, "काय रे भरमू? आक्का घाबरल्या. तू पण घाबरलास का?"

भरमू नुसता हसला. शेवटी स्वरूपनं फोन लावला, पण तो लागायला चार-पाच मिनिटं गेली. तेवढा वेळ मालुबाई स्वरूपच्या समोर उभी राहून त्याच्या तोंडाकडं बघत होती. लाईनमन बसाप्पा अर्ध्या तासात येतो म्हणाला. तिचा जीव जरा भांड्यात पडला. ती वळली तर भरमू तिथं नव्हता. भिंतीला टेकवून ठेवलेली पट्टीही नव्हती.

मागं जाऊन तिनं वर पाहिलं.

परांचीला लावलेल्या शिडीवरनं चढून भरमू तिसऱ्या मजल्याच्या फळीवर उभा होता. तोंड भिंतीकडं, पाठ तारेकडं. दहा फुटांची पट्टी दोन्ही हातांत आडवी, भिंतीला लावलेली. भिंतीला कुठं पोट आलंय ते बघत होता. त्याच्या पाठीमागं मधल्या तारेवर एक साळुंकी बसली होती.

मालुबाईच्या तोंडाशी हाक आली आणि तिनं ती गिळली. हाक मारली तर तो वळणार. हातातल्या पट्टीसकट वळणार.

ती आतल्या जिन्यानं वर निघाली. जिन्याला कठडे नव्हते, पायऱ्यांवर खडी सांडलेली. पळताना गमबुटांचा आवाज होईल म्हणून पहिल्या मजल्यावर तिनं ते काढून टाकले. पायांत खडी टोचत होती आणि डोक्यात एकच विचार चालला होता : काय बोलायचं? थांब म्हटलं तर का म्हणून वळंल. उतर म्हटलं तरी वळंल. पट्टी टाक म्हटलं तर दचकंल.

तिसऱ्या मजल्यावरची एक खोली मागच्या भिंतीपुढं आलेली होती; तिची बाजूची खिडकी थेट फळीच्या रेषेत उघडत होती आणि तिला अजून चौकट नव्हती. तिनं डोकं बाहेर काढलं. भरमू समोर फळीवर, सहा-सात फुटांवर. पट्टीचं अलीकडचं टोक खिडकीपासून दीड हातावर. पलीकडं तार, इतकी जवळ की तिच्यावरच्या साळुंकीची पिवळी चोच दिसत होती. तारेतून बारीक गुणगुण येत होती, की ती तिच्याच कानात होती, हे तिला आजही सांगता येत नाही.

तिनं रोजच्या आवाजात विचारलं, "भरमू, पोट किती आलंय रं तितं?"

कामाचा प्रश्न होता. भरमूनं भिंतीवरची नजर काढली नाही.

"दीड इंच आसंल आक्का. लई माल जाणार हितं."

"आसं? धर तशीच. हलवू नगं, मी ह्या टोकाकडनं बघती."

"बघा की. तुमी तर खालीच बसणार हुतासा."

खिडकीच्या कडेला पोट टेकवून तिनं हात लांब केला. बोटं पुरेनात. तिनं एक पाय बाहेर फळीवर टाकला, दुसरा आत ठेवला आणि पट्टीचं टोक दोन्ही मुठींत धरलं. धातू उन्हानं तापला होता. ह्या क्षणी भरमूनं अंग हलवलं तर आपण दोघंही जाणार, हे तिला स्वच्छ कळत होतं.

"आता भितीला घासत माज्याकडं सरकीव. सरळ. भितीला सोडायचं न्हाय."

"कशाला?"

"ही वाकडी वाटतीया. दुसरी देती."

पट्टी सरकू लागली. भिंतीवर घासण्याचा करकर आवाज. एक फूट. दोन फूट. ती मागं ओढत होती, पट्टी खिडकीतून आत येत होती, खोलीतल्या कोरड्या जमिनीवर टेकत होती. अर्धी आत आल्यावर भरमू म्हणाला, "सोडू?"

"सोड."

पट्टी आत आली. मालुबाईनं ती खोलीच्या पार पलीकडच्या भिंतीपाशी ढकलली. तेवढ्यात खालून जयाबाईचा आवाज आला, पळून पळून फाटलेला.

"आक्का! गिरणी लाईटवरच हाय! ह्याच मागच्या तारंवर हाय म्हन्त्यात!"

भरमूनं ते ऐकलं. मान हळूच वळवून त्यानं मागं पाहिलं. चार हातांवर तार.

"पाखरू बसलंय की तिच्यावर," तो म्हणाला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"पाखराला एकच तार लागती बाबा, जमीन लागत न्हाय. म्हनून ते जगतंय. तू इकडं माज्याकडं बघ."

पण तो घाईनं वळला. फळी थरथरली. आधारासाठी त्याचा उजवा हात आपोआप बाहेरच्या बांबूकडं गेला.

"भरमू! भितीला हात!"

ही मात्र हाकच होती. हात मधेच थांबला.

"दोन्ही तळवे भितीला लाव. हां. आता खाली बस. उकिडवा बस. मागं बघायचं न्हाय."

"आक्का, मला जमंना."

"जमतंय. लेकराला झोळीत निजवून सकाळी आलास न्हवं? तसाच घरी जायाचं हाय. ये, बसून सरक."

सहा-सात फुटांचं अंतर. तो बसून, भिंतीला खांदा घासत सरकत राहिला. मधल्या जोडावर फळी कुरकुरली तसा तो पुन्हा थांबला आणि डोळे मिटून घेतले. मालुबाई घाई कर म्हणाली नाही. तिनं पुन्हा एक पाय बाहेर फळीवर टाकला, डाव्या हातानं खिडकीची कड घट्ट धरली, उजवा हात त्याच्याकडं केला आणि वाट पाहिली. किती वेळ ते कुणाला सांगता येत नाही. जयाबाई म्हणते पाच मिनिटं, स्वरूप म्हणतो एकच. शेवटी भरमूचा घामानं भिजलेला हात तिच्या मनगटाला लागला. तिनं ओढलं, आणि दोघंही आतल्या जमिनीवर आपटली.

भरमू तिथंच भिंतीला पाठ लावून बसून राहिला.

बसाप्पा पावणेअकराला मोटारसायकलीवरून आला. उंचच्या उंच माणूस, बोलणं कानडी. तो मागं गेला, लांब काठीच्या टोकाला लावलेला तपासणीचा डबा तारेजवळ नेला. डब्यानं कर्कश शिट्टी फुंकली. बसाप्पानं काठी खाली घेतली आणि स्वरूपकडं पाहिलं.

"इदु बेरे लाईन री!" तो ओरडला, आणि मग मोडक्या मराठीत, "ही लाईन येगळी हाय! तुमी पुढच्या खांबाचा नंबर दिला. ही चालू हाय! माणूस मारायचा हुता काय?"

अर्जात खांबाचा नंबर स्वरूपनंच घातला होता, पुढच्या रस्त्यावर उभं राहून. त्यानं फोन खिशात ठेवला. त्या दिवशी मालुबाईला त्याचा राग आला नाही. राग नंतर आला, आणि बरेच दिवस राहिला.

संध्याकाळी ती घरी आली आणि ताटावर बसली, पण घास उचलेना. बोटं मिटतच नव्हती. लेक उपासना शहरात दवाखान्यात नर्स आहे. तिनं आईची नाडी पाहिली आणि साखरपाणी दिलं. आण्णाप्पानं सगळं ऐकून घेतलं. मग तो तिच्यासमोर येऊन बसला.

"तू भाईर गेलतीस का? फळीवर?"

"एक पाय आतच हुता."

"आणि पट्टी धरलीस?"

"धरली."

तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला. पाठमोराच म्हणाला, "मी आसतो तर तुला धरू दिली नसती." मग थोड्या वेळानं, "पर धरायलाच पायजे हुती."

पाच दिवसांनी खरा शटडाऊन झाला. बसाप्पानं दोन्ही बाजूंच्या खांबांवर साखळ्या टाकून तारा जमिनीला जोडल्या आणि डबा लावून दाखवला. शिट्टी वाजली नाही. मालुबाईनं त्याला पुन्हा लावायला सांगितला. त्यानं हसत पुन्हा लावला. पट्टा तिनं आणि भरमूनं मिळून केला, चार फुटी लाकडी पट्टीनं. काम होईपर्यंत भरमू एक शब्दही बोलला नाही. ठेकेदारानं पुढच्या इमारतीला तिला बोलावलं नाही. बाई कामात खोट काढते, असं त्याचं म्हणणं होतं. दोन महिने तिनं खेड्यातल्या घरांची डागडुजी केली. मग पुन्हा कामं मार्गी लागली.

त्या पट्ट्याचं काम झालं त्याच्या दुसऱ्या रविवारी भरमूची बायको यल्लव्वा हिंडलग्याला आली. काखेत मूल. मालुबाईला वाटलं, आभार मानायला आली असेल. तिनं चहा टाकला. यल्लव्वानं कपाला हात लावला नाही.

"आक्का, त्यो झोपंतनं वरडत उठतोय. मला काय बी सांगत न्हाय. जयाबाईनं सांगितलं. तुमाला ठाव हुतं लाईन चालू आसंल म्हनून. मग त्यो चडला कसा? तुमी कुठं हुता?"

आण्णाप्पा काही बोलायला गेला, मालुबाईनं त्याला हातानं थांबवलं.

"मी पुढं हुते," मालुबाई म्हणाली. "सायबाबर वाद घालत. मी जिंकत हुते, म्हनून मागं बगितलं न्हाय."

"शिडी लावल्याली हुती?"

"व्हय. लावल्याली हुती."

यल्लव्वा रडू लागली. मूलही रडू लागलं. मालुबाईनं त्याला घेतलं आणि अंगणात फेऱ्या मारत राहिली. यल्लव्वा जाताना चहा प्यायली, गार झालेला.

सध्या मालुबाईचं काम खानापूर तालुक्यातल्या एका शाळेवर चालू आहे. भरमू आहे, जयाबाई आहे, आणि गिलावा शिकायला आलेल्या दोन बायका आहेत. काम कुठल्याही कारणानं थांबवायचं झालं, वारा असो, तार असो, की नुसती शंका असो, तर ती कुणाशी बोलण्याआधी भरमूला खूण करते. दोघं मिळून शिडी काढतात आणि जमिनीवर आडवी ठेवतात. वाद काय असेल तो त्यानंतर.